वाळूच्या काठाने, वल्ह्याने आणि शिडाने

मूर्तिजापूर तालुक्यात पडलेला पाऊस पश्चिमेच्या समुद्राला जातो. उमा नदीतून तो पूर्णेत उतरतो, चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या खाली खंभातच्या आखातात शिरते. पाण्याला ही वाट पाठ आहे. गावातल्या माणसाला मात्र मुंबईची चौपाटी गाठायची तर रेल्वेने सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर तोडावे लागते, आणि एरवी समुद्र त्याच्या घरात येतो तो मिठाच्या पुडीतून किंवा जूनमध्ये हवामानाच्या बातमीतल्या ‘अरबी समुद्रावरील शाखे’तून. अशा गावच्या वाचकाच्या हाती वाळवंटाच्या कडेने कयाक आणि शिडाच्या नावेतून केलेल्या लांबलचक सफरींचे वर्णन द्यायचे, तर तो पहिल्या पानावरच विचारणार की यात आमचे काय?

त्याचे उत्तर त्याच्याच विहिरीत आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णेकाठचा मोठा प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. नदीने हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाचा खोल थर, त्यात साठलेले क्षार, आणि त्यातून झिरपलेले भूजल. इथे बोअर घेतली तर पाणी लागते, पण ते पिता येत नाही आणि पिकाला दिले तर काळी जमीन चोपण होते. म्हणून पिण्याचे पाणी दूरच्या धरणातून नळाने आणावे लागते. अकोला जिल्ह्यातली ८४ खेडी योजना त्यासाठीच झाली. पायाखाली पाणी असूनही घोटभर पाण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागते. मूर्तिजापुरात ते सांगावे लागत नाही.

वाळवंटी किनाऱ्यावरच्या सागरी सफरींची सगळी मेख याच एका गोष्टीत आहे. लाटा, वादळे, शार्क यांचे फोटो मुखपृष्ठावर झळकतात. पण मोहिमेची आखणी, तिचा वेग, मुक्कामाच्या जागा, माघार घ्यायचा निर्णय या सगळ्यांच्या मुळाशी बहुधा गोड्या पाण्याचा हिशेब असतो. सिकंदराच्या आरमारापासून ते २०२६ मध्ये ओमानला पोचलेल्या ‘कौंडिण्य’ या शिवलेल्या जहाजापर्यंत तो हिशेब चुकवून कोणी पुढे गेलेले नाही.

हिशेब तसा सोपा आहे. समुद्री कयाक म्हणजे पाचेक मीटर लांब, दोन हातांच्या आत मावेल इतकी अरुंद आणि वरून बंद नाव. माणूस मधल्या भोकात बसतो, कमरेभोवती घट्ट पडदा लावतो आणि दोन्ही बाजूंना पाते असलेले वल्हे मारतो. पुढच्या आणि मागच्या बंद कप्प्यांत तंबू, शिधा, स्टोव्ह, दुरुस्तीचे सामान. सरावलेला माणूस अशी नाव दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर नेतो. उन्हात वल्हे मारणाऱ्याला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मिळून दिवसाला पाच लिटर पाणी धरले, तर आठ दिवसांचे चाळीस लिटर झाले, म्हणजे चाळीस किलो. हे ओझे नावेच्या तळाशी मधोमध पिशव्यांत ठेवतात. त्याचा एक फायदाही होतो: नाव खाली दबते आणि कमी डुलते. गंमत अशी की जसजसे पाणी प्यावे तसतशी नाव हलकी होते, वेग वाढतो, पण आडव्या लाटेत तिचा भरवसा कमी होतो. म्हणजे पाणी संपत आले की नावही चंचल होते.

समुद्राचे पाणी पिऊन वेळ का मारून नेता येत नाही, हा प्रश्न शाळकरी मुलेही विचारतात. त्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. एवढे मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडांना प्यायलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी खर्च करावे लागते, म्हणजे घोटागणिक माणूस आणखी कोरडा पडतो. आता हाताने दांडा मारून खारे पाणी पडद्यातून गाळणारे छोटे पंप मिळतात. त्यातल्या सगळ्यात लहान यंत्रातून तासभर दांडा मारल्यावर लिटरभर पाणी हाती येते, आणि तो तास दिवसभर वल्हे मारून भरून आलेल्या हातांनीच काढायचा असतो.

किनाऱ्याला वाळवंट असणे हेच मुळात विचित्र वाटते. एवढे पाणी शेजारी, मग पाऊस का नाही? अरबस्तान आणि मकरानच्या (सिंधूच्या मुखापासून इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या) अक्षांशांवर उंचावरची हवा खाली बसत असते. खाली येताना ती तापते आणि कोरडी होते, ढग धरत नाही. नामिबियाच्या किनाऱ्यावर त्यात थंड सागरी प्रवाहाची भर पडते, तिथे धुके येते पण सरी येत नाहीत. ओमानच्या किनाऱ्यालगत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचे थंड, पोषक पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांवर सार्डिनसारखे मासे. म्हणून जमीन उजाड आणि समुद्र मात्र भरलेला, असा उलटा संसार या किनाऱ्यांवर दिसतो. आपल्याकडे मोसमी पाऊस आणणारा वाराच तिथे मासे आणतो.

वाऱ्याची दुसरी बाजू रोजच्या कष्टाची आहे. सकाळी नऊ-दहानंतर वाळू तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा ती जागा भरायला जमिनीकडे धावते. दुपारी हा वारा इतका जोर धरतो की पाण्यावर पांढरे फेस उठतात. म्हणून कयाकवाले पहाटे अंधारात निघतात आणि दुपारच्या आधी किनारा धरतात. इराणच्या आखातात ‘शमाल’ नावाचा वायव्येचा वारा सुटला की दोन-तीन दिवस हलता येत नाही, आणि त्या दोन-तीन दिवसांत पाणी मात्र चालूच राहते. अडकलेल्या दिवसाचे पाणी धरूनच पुढच्या विहिरीचे अंतर मोजायचे असते.

मकरानच्या किनाऱ्याच्या सर्वांत जुन्या तपशीलवार नोंदी सिकंदराच्या आरमाराचा प्रमुख नेआर्खस याच्या आहेत. इसवी सनपूर्व ३२५ मध्ये सिकंदर सिंधूच्या मुखाशी पोचला. परतीसाठी त्याने सैन्य मकरानच्या वाळवंटातून नेले आणि नेआर्खसला आरमार देऊन किनाऱ्याने इराणच्या आखाताकडे पाठवले. कल्पना अशी की जमिनीवरच्या सैन्याने किनाऱ्यालगत विहिरी खणाव्यात, धान्याचे साठे ठेवावेत, आणि जहाजांनी ते उचलत पुढे जावे. प्रत्यक्षात डोंगर आडवे आले, सैन्य आत वळले, तहानेने आणि उपासमारीने माणसे मेली आणि आरमार एकटे पडले. त्याआधीच उलट्या वाऱ्याने आरमाराला आताच्या कराचीच्या जवळ २४ दिवस अडकवून ठेवले होते. नेआर्खसचा मूळ ग्रंथ हरवला. पण त्यावरून अरियन या ग्रीक इतिहासकाराने लिहिलेले वर्णन टिकले आहे. त्यात पानोपानी तोच विषय येतो: इथे नांगर टाकला, वाळूत खणले, पाणी लागले, इथे लागले पण मचूळ निघाले. किनाऱ्यावरच्या लोकांना ग्रीकांनी ‘मासे खाणारे’ असेच नाव दिले, कारण ते वाळलेल्या माशांची पूड करून तिच्या भाकरी खात आणि व्हेलच्या हाडांचे वासे घालून झोपड्या बांधत. एका सकाळी समोर पाण्याचे फवारे उडताना दिसले आणि घाबरलेल्या वल्हेकऱ्यांच्या हातून वल्ही सुटली. ते व्हेल होते. नेआर्खसने जहाजे एका ओळीत आणली, आरडाओरडा करून आणि कर्णे फुंकून सरळ चाल केली, तसे व्हेल बुडी मारून दिसेनासे झाले.

शेवटी सिकंदराने शोधायला पाठवलेल्या माणसांची आणि नेआर्खसची वाटेत गाठ पडली, तेव्हा त्यांनी त्याला ओळखलेच नाही. केस वाढलेले, अंगावर मिठाचे पापुद्रे, जागरणाने चेहरे पडलेले. आजच्या मोहिमांच्या शेवटच्या दिवसाचे फोटो पाहिले तर त्यात फार बदल झालेला दिसत नाही.

त्यानंतर सुमारे साडेबावीसशे वर्षांनी जवळपास त्याच किनाऱ्याने, पण उलट दिशेने, एक जर्मन माणूस घडीच्या नावेतून आला. ऑस्कर श्पेक हा हॅम्बुर्गकडचा विजेच्या कामाचा कंत्राटदार. मंदीत धंदा बुडाला, तेव्हा सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळेल म्हणून १३ मे १९३२ रोजी त्याने उल्म गावाजवळ डॅन्यूब नदीत नाव सोडली. नाव म्हणजे लाकडी सांगाड्यावर चढवलेले रबर लावलेले कापड. सांगाडा सोडवला की बोचक्यात मावणारी. सायप्रसला पोचल्यावर त्याला खाणीपेक्षा पुढची वाट आवडली. सीरियातून तो युफ्रेटिस नदीवर आला, नदीने इराणच्या आखातात उतरला आणि मग आखाताच्या व मकरानच्या किनाऱ्याने भारताकडे सरकत राहिला. वाटेत इराणमध्ये त्याची नाव चोरीला गेली आणि महत्प्रयासाने परत मिळाली. मलेरियाने त्याला अनेकदा गाठले. आणि हे सगळे करणाऱ्या या माणसाला पोहता येत नव्हते.

श्पेकची नाव केवळ वल्ह्याची नव्हती. त्याने तिच्यावर छोटे शीड चढवले होते, आणि त्याच्या लांब मजला त्या शिडामुळेच शक्य झाल्या. कयाक आणि शीड यांची ही जोडी शुद्धतावाद्यांना खटकते. काहींच्या मते शीड लावले की ती कयाकची सफर राहतच नाही. हा वाद आरामखुर्चीतला आहे. पाणी मोजून उरलेले असताना वारा पाठीशी असेल तर शीड न उभारणारा माणूस फार पुढे जात नाही.

भारताच्या पश्चिम किनाऱ्याने खाली उतरत तो १९३५ च्या मे महिन्यात सिलोनला पोचला. पुढे मद्रास, कलकत्ता, ब्रह्मदेश, मलाया, डच ईस्ट इंडीज. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या सैबाई बेटावर उतरला, तेव्हा महायुद्ध सुरू झालेले होते आणि त्याच्या नावेवर नाझी जर्मनीचे निशाण होते. तिथल्या पोलिसांनी आधी त्याचे अभिनंदन केले आणि मग शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटक केली. युद्ध संपेपर्यंत तो छावणीत होता. सुटल्यावर ऑस्ट्रेलियातच ओपल रत्नांच्या कामात रमला. त्याची कागदपत्रे आणि छायाचित्रे आज सिडनीच्या सागरी संग्रहालयात आहेत. सात वर्षे आणि सुमारे पन्नास हजार किलोमीटरचा हा प्रवास जगाने बराच काळ विसरून टाकला, कारण तो ज्या आठवड्यांत संपला त्या आठवड्यांत वर्तमानपत्रांना दुसरीच बातमी होती. पुढे सँडी रॉबसन या ऑस्ट्रेलियन कयाकपटूने २०११ ते २०१६ या काळात त्याच वाटेचा माग काढला. तिने भारताचा किनाराही वल्हवला. पण श्पेकने पार केलेले काही वाळवंटी टप्पे तिला गाळावे लागले. तिथे आड आले ते राजकारण.

आता कापसाकडे वळू. वऱ्हाडातल्या वाचकाला तेवढा हक्क आहे. मूर्तिजापूर हे नाव बाहेरच्या जगाला माहीत झाले ते अरुंद रुळांच्या ‘शकुंतला’मुळे. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी टाकलेल्या या रुळांची एक फांदी अचलपूरला आणि दुसरी ११३ किलोमीटरवरच्या यवतमाळला गेली. कापसाच्या गाठी या रुळांवरून मूर्तिजापूरला येत, मोठ्या लाइनीवर चढत आणि मुंबई बंदरातून मँचेस्टरला जात. १९२१ मध्ये मँचेस्टरलाच बनलेले वाफेचे इंजिन इथे १९९४ पर्यंत धावत होते. वऱ्हाडाचा कापूस समुद्रावर गेला तो असा. पण भारतीय कापूस वाळवंटी किनाऱ्यावर पोचला तो त्याच्या अठराशे वर्षे आधी, आणि तोही केवळ माल म्हणून नाही, तर जहाजाचे शीड म्हणून.

इजिप्तच्या तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचे रोमन काळातले बंदर होते. १९९४ पासून तिथे उत्खनन चालू आहे. त्यात मंदिराच्या आवारात भारतीय रांजणात ठेवलेली साडेसात किलो काळी मिरी सापडली, भिंतींत वापरलेले जुन्या जहाजांचे सागवान सापडले, आणि सुती शिडांचे तुकडेही सापडले. त्या सुताचा पीळ भारतीय पद्धतीचा आहे, इजिप्तचा नाही. तो कापूस वऱ्हाडचा होता असे म्हणण्याला कसलाही आधार नाही, आणि स्थानिक अभिमानापोटी तसे म्हणूही नये. मात्र पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर या दोन्ही गावांची नावे आहेत: तिथून बैलगाड्यांनी, बिनरस्त्याच्या मुलखातून, सुती कापड आणि इतर माल भडोचच्या बंदरात येई. दख्खनचा कापूस आणि अरबस्तानची वाळू यांचा व्यवहार तेव्हापासून लिखित आहे.

बेरेनिकेची आणखी एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. त्या बंदरात प्यायला पाणी नव्हते. ते काही किलोमीटर आत, डोंगराच्या पायथ्याशी खणलेल्या विहिरींतून आणावे लागे, आणि त्या विहिरींवर रोमन सैन्याने किल्ले बांधले होते. मिरी आणि मोती उघड्या धक्क्यावर उतरत, आणि पहारा मात्र विहिरीवर असे.

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक जहाज रंगवलेले आहे. मूर्तिजापूरहून एका दिवसात पाहून परत येता येईल इतके ते जवळ. पाचव्या शतकातले हे चित्र सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या बौद्ध कथेतले मानतात. तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच चौकोनी शिडे, नाळेवर डोळा, मागे सुकाणूची वल्ही. पर्यटक एवढे बघून पुढे सरकतात. जरा थांबून पाहिले तर जहाजावर ओळीने मांडलेले घट दिसतात. त्यांत माल होता की पाणी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. खारपाणपट्ट्यातला माणूस कोणत्या बाजूने मत देईल हे सांगायला नको.

अजिंठ्याच्या चित्रावरून खरे जहाज बांधावे ही कल्पना अर्थतज्ज्ञ संजीव सन्याल यांची. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्राचे सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातली ‘होडी इनोव्हेशन्स’ यांच्यात करार झाला. या कंपनीचे रत्नाकर दांडेकर हे नाव शिडांच्या नौकांच्या जगात नवे नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती दांडेकरांनीच दिवाडी बेटावर बांधली होती. म्हादेई मात्र फायबरग्लासची आधुनिक नौका होती, आणि हे नवे काम अगदी उलट्या टोकाचे. चित्रात जहाजाची बाहेरची बाजू दिसते, आतला सांगाडा दिसत नाही, आणि नकाशा तर कुणाकडेच नाही. नौदलाने आराखडा तयार केला, मद्रासच्या आयआयटीत त्याच्या नमुन्याच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या, आणि केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या लोकांनी फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीने शिवल्या. खिळा नाही. भेगांत नारळाचा काथ्या आणि राळ.

शिवलेले जहाज ऐकायला कच्चे वाटते, पण ते वाळूच्या किनाऱ्यासाठीच जन्मलेले आहे. जिथे धक्का नाही, गोदी नाही, तिथे जहाज लाटेवरून थेट वाळूत आदळते. खिळ्यांनी ताठ बांधलेला सांगाडा अशा दणक्याने चिरतो. शिवलेला थोडा वाकतो, दणका पचवतो आणि पुन्हा जागेवर येतो. दोरी सैल झाली तर किनाऱ्यावरच पुन्हा शिवता येते. ओमानमध्येही हीच पद्धत होती. लाकूड आणि काथ्या मात्र मलबार आणि लक्षद्वीपकडून जात असे, कारण वाळवंटात जहाजाला लागणारी झाडे नाहीत. १९८० मध्ये टिम सेव्हरिन यांनी ओमानच्या सूर गावी ‘सोहार’ नावाचे असेच शिवलेले जहाज बांधले आणि मस्कतहून निघून पुढल्या वर्षी चीनच्या कँटनपर्यंत नेले. आता ते मस्कतच्या एका चौकात उभे आहे.

गोव्याचे जहाज २०२५ च्या फेब्रुवारीत पाण्यात उतरले आणि २१ मे रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात आले. सुमारे पासष्ट फूट लांबी, चौकोनी शिडे, सुकाणूऐवजी दोन मोठी वल्ही, इंजिन नाही. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. नौदलाचे चार अधिकारी, तेरा खलाशी आणि सोबत सन्याल. महिना मुद्दाम निवडलेला होता: हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो, आणि पोरबंदरहून पश्चिमेला जाणाऱ्या चौकोनी शिडाला तो बाजूने मिळतो. असे शीड वाऱ्याच्या तोंडावर चालत नाही, त्यामुळे वारा फिरला की वाट पाहणे एवढेच हाती उरते. नेआर्खसने नेमके तेच केले होते. १४ जानेवारी २०२६ रोजी, संक्रांतीला, जहाज मस्कतला लागले.

या सफरीच्या बातम्यांत वारसा, गौरव, मैत्री हे शब्द भरपूर आले. ते खोटे नाहीत, पण पुढची पाने वाचणाऱ्याला त्यांचा उपयोग थोडा. अठरा माणसे, साधारण चौदाशे किलोमीटर, सतरा दिवस, डोक्यावर छप्पर नसलेला डेक आणि सतत डुलणारे लाकूड यांची नोंद अधिक बोलकी ठरते. जुनी जहाजे कशी दिसत हे अजिंठ्याच्या भिंतीवरून कळले होते. ती किती डुलतात, किती झिरपतात आणि वाऱ्याच्या किती जवळ जाऊ शकतात, हे समुद्रात उतरल्याशिवाय कळणार नव्हते.

कौंडिण्यची सफर खुल्या समुद्राची होती. किनारा धरून जाणाऱ्याच्या अडचणी वेगळ्या, आणि त्या मराठी माणसालाही चाखता आल्या आहेत. मुंबईचा कौस्तुभ खाडे हा आयआयटी दिल्लीत शिकलेला तरुण २०१५ मध्ये आधी मुंबईहून गोव्याला चारशे किलोमीटर वल्हवत गेला, आणि नंतर गुजरातेतून कन्याकुमारीपर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटर. दुसऱ्या सफरीत शांजली शाही किनाऱ्याने सायकलवर सोबत होती. समुद्रात ८४ दिवस गेले. कोकणात दर चार-सहा मैलांवर खाडी, खाडीला बंदर, बंदराला विहीर आणि संध्याकाळी जाळी आवरणारे कोळी. सौराष्ट्र-कच्छकडे वर सरकत जावे तशी ही साखळी विरळ होते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. ओहोटीला समुद्र मैलभर मागे हटतो आणि नाव चिखलात बसते. त्या चिखलातून ना चालता येते, ना वल्हवता येते.

कच्छच्या टोकाला कोटेश्वरपाशी तर एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला रण. तिथेच नारायण सरोवर हे गोड्या पाण्याचे तळे आहे. यात्रेकरू त्याला पाच पवित्र सरोवरांत मोजतात. ज्याने त्या किनाऱ्याने दोन दिवस प्रवास केला असेल, त्याला ते पवित्र का झाले हे पुराण न वाचताही उमगावे.

पाण्यापाठोपाठ कागद. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी गुजरातच्या ‘कुबेर’ या मासेमारी नौकेतून आले, तेव्हापासून पश्चिम किनाऱ्यावर अनोळखी नावेकडे संशयाने बघितले जाते, आणि ते रास्तही आहे. तटरक्षक दल, सागरी पोलीस, बंदर खाते, मत्स्य खाते यांच्या परवानग्या खिशात नसतील तर कयाकवाल्याची रात्र पोलीस चौकीत जाऊ शकते. सीमेजवळच्या खाड्यांत तर वाटच बंद. श्पेकच्या काळात एका पासपोर्टवर इराणच्या आखातापासून सिलोनपर्यंत जाता आले. आज ती सलग रेघ कुणालाही ओढता येत नाही.

वाळवंटी किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पाण्याचा प्रश्न कसा सोडवला, हे या सफरींत तुकड्यातुकड्यांनी दिसते. कुवेतला पिण्याचे पाणी शत्-अल-अरब नदीतून जहाजे भरून येई. १९५० च्या दशकात समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने येईपर्यंत ही पाण्याची जहाजे तिथल्या व्यापाराचाच भाग होती. बहारीनभोवती समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते. पाणबुडे कातडी पिशवी घेऊन बुडी मारत, झऱ्याच्या तोंडाशी ती भरत आणि खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी वर आणत. मोती काढणाऱ्या नावांना त्याचा आधार असे. अशी माहिती मोहिमांच्या गोष्टीत सहसा तळटीपेत जाते. इथे ती मजकुरात येईल, कारण नाव चालवणाऱ्यापेक्षा किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस या विषयात नेहमीच जास्त जाणकार निघतो, आणि जे मोहीमवाले त्याला विचारतात त्यांच्याच पिशव्या भरलेल्या राहतात.

पुढे वाचताना थोडी परिभाषा लागेल. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. वाऱ्याचे नाव तो जिथून येतो त्या दिशेवरून पडते, म्हणून ईशान्य वारा नैर्ऋत्येकडे जातो, तर समुद्री प्रवाहाचे नाव तो जिकडे जातो त्यावरून. हा घोळ खलाशांनी कधी सोडवला नाही. मकरान आणि ओमानच्या सफरींच्या तारखा बहुतेक नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांतल्या दिसतील, कारण जून ते सप्टेंबर त्या किनाऱ्यांवर लहान नाव पाण्यात घालत नाहीत. शेजारी भिंतीवरचा मोठा नकाशा असला तर उत्तम: सिंधूचे मुख, ग्वादर, होर्मुझची सामुद्रधुनी, मस्कत, सूर आणि सलाला एवढ्या सहा जागा आधी शोधून ठेवाव्यात. आणि रोजनिशीतले प्रत्येक दिवसाचे पाण्याचे आकडे वाचकाने गाळू नयेत. ते कंटाळवाणे दिसतात. मोहीम कुठे पुढे गेली आणि कुठे परत फिरली, याचे कारण बहुतेक वेळा त्याच ओळीत असते.